‘वादन थोर, पण आवाज वाईट’ : कोणाचा आवाज?

रायबंदरकर :
पणजीत ओळखीतली काही मंडळी बेथोव्हेनची पाचवी सिंफनी (चार भागांची वाद्यवृंदरचना) निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांतून ऐकायची बैठक ठरवत आहेत. तिचं मराठी टिपण माझ्या गळ्यात पडलंय. वाद्यवृंदसंचालक फुर्टवेंग्लरच्या १९४७ च्या मुद्रणाबद्दल मी लिहिलं, ‘वादन थोर, पण आवाज वाईट’. वाचणाऱ्याने लगेच विचारलं, बर्लिन फिलहार्मोनिकचा, म्हणजे त्याच्या वाद्यवृंदाचा, आवाज वाईट?

त्याची शंका रास्त आहे. वाद्यांचा आवाज, सभागृहाचा आवाज आणि टेपवर उतरलेला आवाज, तिन्हींना आपण ‘आवाज’च म्हणतो. या मुद्रणात तर तिन्ही एकमेकांत गुंतलेत. त्या वाद्यवृंदाचं जुनं फिलहार्मोनी सभागृह जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. त्यामुळे २५ मे १९४७ ला युद्धानंतर फुर्टवेंग्लर पहिल्यांदा आपल्या वाद्यवृंदापुढे उभा राहिला तो टिटानिया-पालास्ट नावाच्या सिनेमाघरात. वर मुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं. कानाला कोरडं लागतं, पण कोरडं कोण? तिघांना तीन शब्द सुचवा.

शुद्धमती :
‘आवाज’ मुळात फारसी, तिथेच घोळ सुरू होतो. वाद्याचा नाद, सभागृहाचा निनाद, मुद्रणाचा ध्वनी. झाले तीन. आणि ‘टेप’ला ‘फीत’ आहे हो आपल्याकडे.

फोंडेकर :
‘बर्लिन फिलहार्मोनिकचा नाद थोर’ असं छापलंत तर लोक म्हणतील, कसला नाद लागला होता त्यांना?

मी नाटकांना आणि जत्रेतल्या दशावताराला माईक लावतो. आम्हाला नामं लागत नाहीत, क्रियापदं लागतात. आवाज फाटतो, कोंदतो, दबतो, खरखरतो, घुमतो. कोंदला की स्पीकरचा खोका नाहीतर माईकची जागा बघायची. घुमला की मांडवाचा पत्रा. फाटला की कोणीतरी बटण नको तितकं चढवलंय. रायबंदरकर बाब, ‘वाईट’ हा शब्दच काढा. काय होतं ते लिहा, कोणाचं ते आपोआप कळेल.

शुद्धमती :
गवयाचा आवाजही फाटतोच की. आपोआप कसं कळेल?

फोंडेकर :
गवयाचा फाटतो तेव्हा लोक उठून जातात. माईकचा फाटतो तेव्हा माझ्याकडे बघतात.

पेडण्याची बाई :
मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मराठी पुस्तकात प्रतिध्वनी आणि निनाद हे दोन वेगळे शब्द आहेत. मूळ आवाजानंतर ०.१ सेकंदाने परत आलेला वेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. त्यासाठी भिंत निदान १७ मीटर दूर हवी. त्याआधी परततो तो मुळात मिसळून लांबत जातो, तो निनाद. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात श्रोते बसलेले असताना तो दोनेक सेकंद टिकतो. बाकी दोघांचं काय करायचं ते तुम्ही बघा, पण सभागृहासाठी ‘निनाद’ घ्याच.

वाळपईकार :
पुस्तकात असेल. बोलण्यात निनाद म्हणजे देवळातली घंटा आणि वर्तमानपत्रातला ‘घोषणांचा निनाद’. आमच्याकडे सरळ ‘घुमता’ म्हणतात. ‘घुमार’ लिहा, ‘घुमारा’ लिहा. आपलं घुमट हे वाद्यसुद्धा घुमतं म्हणूनच घुमट.

शुद्धमती :
घुमट हा ‘गुंबद’वरून आलाय, म्हणजे पुन्हा फारसी. आधी देवळा-मशिदीवरचा घुमट, मग त्या आकाराचं वाद्य.

वाळपईकार :
मातीचं मडकं फारसी शिकायला कुठे गेलं होतं? आरतीला घुमटावरची सुवारी ऐका आणि मग बोला.

मडगांवची :
घुमट राहू द्या जरा. ‘आवाज’वर एवढं चाललंय आणि ‘वादन थोर’ कोणाला खुपत नाही? थोर म्हणजे काय?

मी लहानपणी रेबेक शिकले (व्हायोलिनला आमच्याकडे जुनी माणसं रेबेक म्हणतात). मास्तरांचा पहिला धडा हा की पाचवीची सुरुवात त्या प्रसिद्ध चार सुरांनी होतच नाही. आधी अर्ध्या मात्रेची शांतता लिहिलेली आहे. ती शांतता वाजते की नाही, यावर मी परीक्षा करते. क्लायबर या संचालकाच्या १९७४ च्या व्हिएन्नाच्या मुद्रणात अख्खा वृंद श्वास घेऊन त्या रिकाम्या जागेतून उडी मारतो. पुष्कळ ठिकाणी नुसतंच ‘टॅ टॅ टॅ टॅऽ’. दुसरी खूण : दुसऱ्यांदा लांबवलेला सूर पहिल्यापेक्षा एक माप (स्वरलिपीतला एक खण, ‘बार’) जास्त लिहिलेला आहे. दोन्ही सारखेच लांबवणाऱ्याने कागद नीट वाचलेला नाही. यात मुद्रणाचा काही संबंध नाही, खरखरीतूनही हे कळतं.

फोंडेकर :
म्हणजे पहिली मात्रा खाली.

मडगांवची :
खाली नव्हे. तालात खाली आली तरी तिच्यावर तबला वाजतो. इथे काहीच वाजत नाही. विश्राम म्हणा.

रायबंदरकर :
मग लयीचंही सांगा. बेथोव्हेनने १८१७ मध्ये मेट्रोनोमचे (लय मोजायच्या यंत्राचे) आकडे छापले, त्यात पहिल्या भागाला मिनिटाला १०८ मापं आहेत. संचालक क्लेम्परर त्या आकड्याच्या कितीतरी मागे. त्याला ‘विलंबित’ म्हणू का?

मडगांवची :
विलंबित म्हटलं की डोळ्यांपुढे झुमरा ताल येतो. ‘ठाय लयीत’ चालेल. पण क्लेम्पररकडे पहिली व्हायोलिनं डावीकडे, दुसरी उजवीकडे, त्यामुळे सवाल-जवाब खोलीभर फिरतात. हे वादन की आवाज? मलाच ठरवता येत नाही.

पेडण्याची बाई :
व्हॉएजर अंतराळयानावर १९७७ मध्ये पाठवलेल्या तबकडीत पाचवीचा पहिला भाग क्लेम्पररचाच आहे, फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरचा. आणि त्याच तबकडीत आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आहेत, ‘जात कहाँ हो’, भैरवी.

वाळपईकार :
केरी फोंड्याची की सत्तरीची, तेही लिहा. आमच्याकडेही केरी आहे आणि लोक उगाच तिथे चौकशी करतात.

फोंडेकर :
फोंड्याची. यात वाद नाही.

शुद्धमती :
रायबंदरकर, टिपणात ‘ऑर्केस्ट्रा’ लिहू नका एवढीच विनंती. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हणजे झगमगीत कोट घातलेला निवेदक आणि किशोरकुमारची गाणी.

वाळपईकार :
आणि ‘वाद्यवृंद’ म्हणजे आकाशवाणी, बातम्यांच्या आधी. ते चालतं तुम्हाला?

शुद्धमती :
चालतं. उत्तम चालतं.

रायबंदरकर :
सध्या असं लिहिलंय : ‘वादनात धग आहे, सिनेमाघराला निनाद नाही आणि जोराच्या जागी मुद्रण फाटतं.’ चौथ्या भागात पिकोलो, कॉन्ट्राबसून आणि तीन ट्रॉम्बोन ही फुंकवाद्यं पहिल्यांदाच येतात, तिथे हे फार जाणवतं.

शुद्धमती :
मुद्रण कसं फाटेल? कागद फाटतो.

फोंडेकर :
मुद्रण म्हणजे छापणं. छापलेला कागद फाटतो की नाही?

मडगांवची :
आणि ‘धग’ कुठून आली? फुर्टवेंग्लरला धग म्हणाल तर क्लायबरला काय म्हणणार?

वाळपईकार :
घुमटाचं अजून मिटलेलं नाही हं.