मदत हवी आहे: फेस पेंटिंग नीट शिकून बडोद्यात काम सुरू करायचंय

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. रांगोळी आणि मेंदी लग्नाआधीपासून करते, आणि दर श्रावणात मामेसासऱ्यांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तींचे डोळे-भुवया रंगवायला बसते. त्यामुळे बारीक ब्रशची सवय आहे, हातही थरथरत नाही. सोसायटीतल्या एका वाढदिवसाला मुलांच्या गालावर फुलपाखरं आणि मोरपिसं काढली, तेव्हापासून कोणी ना कोणी विचारतंच: आमच्याकडे याल का, किती घ्याल? हे काम मला मनापासून आवडतं. आरशात स्वतःचा वाघ झालेला चेहरा पाहून मूल जे डरकाळी फोडतं ना, त्यासाठी मी दिवसभर उभी राहू शकते. पण पैसे घेऊन करायचं तर शिकून करायचं, असं ठरवलंय. म्हणून इथे विचारते आहे.

पहिली अडचण हाताची. मूर्ती हलत नाही, मूल हलतं. पापणीला ओला ब्रश लागला की चार वर्षांचं पोर गुदगुल्या होऊन डोळे मिचकावतं आणि रेघ भुवईवर जाते. वाघ करताना पिवळा-नारिंगी थर स्पंजने छान बसतो, पण वरचे काळे पट्टे ओढताना रेघ एकतर पांगते, नाहीतर मधेच कोरडी पडून तुटते. शेवटी नाकाजवळचे पांढरे ठिपके द्यायला गेलं की खालचा काळा उचलला जातो आणि सगळं राखाडी दिसतं. एका वाघाला मला दहा-बारा मिनिटं सहज लागतात. रांगेत वीस मुलं असली तर कसं व्हायचं?

दुसरी अडचण रंगांची, आणि खरं सांगायचं तर धागा काढायचं कारण हेच. नाताळच्या सुट्टीतल्या एका मेळाव्यासाठी एका आयोजकांनी विचारलंय. चेहऱ्यामागे ३० रुपये देणार, रंग त्यांचे. रंग पाहिले तर शाळेच्या स्टेशनरीतले पोस्टर कलर आणि हस्तकलेची चमकी. मी म्हटलं, हे चेहऱ्याला लावायचे नसतात. त्यावर उत्तर आलं, ‘बेन, छोकराओने शुं खबर पडे?’ मुलांना कळत नाही म्हणूनच तर आपण बघायचं ना! मला ते रंग मुलांच्या तोंडाला लावायचे नाहीत, हे पक्कं आहे. प्रश्न एवढाच, की चांगले रंग वापरून हे काम परवडतं का, आणि असे रंग घेताना ओळखायचे कसे?

आणि तिसरं म्हणजे दर. चेहऱ्यावर घ्यावे की तासावर? ॲडव्हान्स मागितलं तर लोक बिचकतात का? नवरात्रात इथे मुली पाठीवर, दंडावर चित्रं काढून गरब्याला जातात, ते कामही करावंसं वाटतं. पण रात्री बारापर्यंत घामात नाचायचं, त्यात रंग टिकेल का?

अनुभवी लोकांनी जरूर लिहा. बडोद्यात कुठे शिकता येईल हे कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

– आखणीवाली

प्रतिसाद: कुंचला, पुणे

मी हौशी नाटकांची रंगभूषा करते आणि उन्हाळ्यात मुलांच्या शिबिरांना जाते. ताई, रेघ पांगते, तुटते आणि पांढरा राखाडी होतो, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, पाणी. थर देताना स्पंज फक्त ओलसर हवा, पिळून काढलेला. रेघ ओढताना मात्र ब्रशवरचा रंग शाईसारखा वाहता हवा. पांगते ती रेघ पाणी जास्त झाल्यामुळे किंवा खालचा थर ओला असल्यामुळे, आणि तुटते ती रंग दाट असल्यामुळे. ब्रश रंगाच्या वडीवर नुसता टेकवू नका. गोल गोल फिरवत पोटापर्यंत भरा आणि मग वडीच्या कडेला फिरवून टोक काढा. स्पंजचा थर हाताच्या पाठीने हलकेच चाचपून बघा. कोरडा लागला की मगच काळा.

पांढऱ्याला वेगळा ब्रश आणि स्वच्छ पाण्याची वेगळी वाटी ठेवा. पांढरा थोडा दाट घ्यायचा, ठिपका ठेवायचा आणि ब्रश सरळ वर उचलायचा. परत त्याच जागी फिरलात की काळा उचलला जाणारच. फिकट आधी, गडद नंतर, पांढरे ठिपके त्यानंतर आणि चमकी सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका.

रंगांतही दोन घराणी आहेत. काहींत मेणाचा अंश जास्त असतो, उदाहरणार्थ वुल्फ. त्यांची रेघ ठसठशीत येते. काही ग्लिसरीनवाले, जसे मेहरॉनचे पॅरडाइज किंवा क्रायोलॅनचे ॲक्वाकलर. ते स्पंजने मऊ पसरतात, पण दमट हवेत चिकट राहतात. मी थराला ग्लिसरीनवाले घेते आणि काळा-पांढरा मेणवाला. तुमच्याकडच्या पावसाळी हवेत हे जास्तच जाणवेल. आणि मे महिन्यात पेटी स्कूटरच्या डिकीत विसरू नका. काम झालं की वड्या उघड्या वाळवूनच झाकण लावायचं, नाहीतर बुरशी धरते.

सराव थेंबाचा करा. ब्रश दाबायचा, ओढायचा, उचलत न्यायचा, म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला केसासारखी निमुळती रेघ येते. फुलपाखराचे पंख, वाघाचे पट्टे, फुलाच्या पाकळ्या, सगळं या एका थेंबातून निघतं. आखणीत भुवईची रेघ तुम्ही अशीच ओढत असणार, तेव्हा हे तुम्हाला लवकर येईल. स्वतःच्या दंडावर करा, चेहऱ्याचं चित्र लॅमिनेट करून त्यावर करा, पुसा, परत करा.

मूल हलतं त्यासाठी त्याला उंच स्टुलावर बसवा, म्हणजे तुम्हाला वाकावं लागत नाही. डावा हात त्याच्या डोक्यामागे हलकेच ठेवायचा, उजव्याची करंगळी कोरड्या पफवर टेकवून त्याच्या हनुवटीशी. डोकं हललं तरी हातही बरोबर हलतो. पापणीचं काम असेल तर ‘डोळे मीट’ म्हणू नका, मुलं घट्ट आवळतात आणि कातडीला सुरकुत्या पडतात. ‘झोपल्याचं सोंग घे’ म्हणा. डोळ्याखाली काढताना वर छताकडे बघायला सांगा.

वेगासाठी दुरंगी किंवा इंद्रधनुषी वडी घ्या, म्हणजे एकाच वडीत शेजारी शेजारी रंगांचे पट्टे असलेली. पाऊण इंची चपटा ब्रश त्यावर एकदा ओढला की चार रंग एकदम येतात, आणि फुलपाखराचा एक पंख दोन फटकाऱ्यांत होतो. कथकलीत नट आडवा झोपतो आणि चुट्टी, म्हणजे गालाकडेची पांढरी कड, बसवायलाच तास जातात. आपल्याला मिळतात चार-पाच मिनिटं, त्यामुळे चित्रं त्या वेळात बसतील अशीच निवडायची. फलकावर आठ-दहाच नमुने लावा. जास्त लावलेत तर मूल निवडतच बसतं.

प्रतिसाद: मांजलपूरची आई

मी यातली जाणकार नाही, पण त्या स्टुलावर बसणाऱ्या मुलाची आई आहे. माझ्या मुलीला एका मॉलमधल्या कार्यक्रमात असंच गालावर युनिकॉर्न काढून दिलं होतं. घरी येईपर्यंत खाजायला लागलं. पुसला तर खाली लालभडक चट्टा, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. शिवाय तिच्या आधीच्या मुलाचं नाक वाहत होतं आणि स्पंज तोच वापरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. फुकट होतं म्हणून मी गप्प बसले नाही, बोलले, पण तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

ताई, तुम्ही रंगाचा डबा आम्हाला दाखवा, प्रत्येक मुलाला वेगळा स्पंज काढा, आणि बघा आया किती विश्वासाने येतात. आमच्या ग्रुपवर तुमचं नाव फिरायला एक वाढदिवस पुरेल.

प्रतिसाद: लेबलवाचक, इंदूर

कॉस्मेटिक्सच्या वितरणात काम करतो, म्हणून रंगांपुरतं लिहितो. डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असलं तरी पोस्टर कलर, ॲक्रिलिक आणि स्केचपेन त्वचेसाठी बनवलेले नसतात. ते कागदासाठी तपासलेले असतात. चेहऱ्याला लावायची वस्तू आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात मोडते आणि तिला २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू होतात. भारतात बनलेली असेल तर लेबलवर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा. बाहेरून आलेली असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा. घटकांची यादी, बॅच नंबर आणि वापरायची मुदत दोन्हींवर असते. यातलं काहीच नसलेली स्वस्त पॅलेट मंगळबाजारात मिळो की ऑनलाइन, घेऊ नका. नामवंत ब्रँडच्या नकलाही फिरतात, त्यामुळे ब्रँडच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

हस्तकलेची चमकी तर डोळ्याजवळ नकोच. तिचे कण मोठे आणि कोनदार असतात, बुबुळाला ओरखडा येऊ शकतो. कॉस्मेटिक ग्रेडची पॉलिएस्टर चमकी मागा, ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कणांची.

चांगला रंगही एखाद्याला सोसत नाही. वाढदिवसाचं काम असेल तर यजमानांना आदल्या दिवशी मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघायला सांगा. मेळ्यात ते जमत नाही. तिथे ॲलर्जी आहे का हे पालकांना विचारायचं, आणि शंका आली तर चेहऱ्याऐवजी हातावर काढायचं. तीन वर्षांखालच्या मुलांनाही हातावरच. जखम, पुरळ, ओठावर तापाचे फोड किंवा डोळे आलेले असतील तर गोड बोलून नाही म्हणायचं. काढताना ओल्या वाइप्सने घासू नये, बेबी शॅम्पूचा फेस लावून मऊ ओल्या फडक्याने टिपावं, हे पालकांना चिठ्ठीवर लिहून द्या. निळा-हिरवा थोडा डाग ठेवतो, तेही आधीच सांगितलेलं बरं.

प्रतिसाद: हिशेबी काकू, बडोदा

अगं, आधी त्या ३० रुपयांचा हिशेब कर. तासाला बारा चेहरे झाले तर ३६०. मेळा तीन तासांचा, म्हणजे १,०८०. पण तू तासभर आधी जाऊन मांडणार, नंतर तासभर आवरून घरी ब्रश-स्पंज धुणार, म्हणजे दिवसाचे पाच तास गेले. तासाला २१६ पडले, त्यातून पेट्रोल, रंग, स्पंज. रंग अगदी उंची घेतलेस तरी एका वडीत पुष्कळ चेहरे निघतात, चेहऱ्यामागे खर्च फार येत नाही. महाग आहे तो तुझा वेळ, आणि तोच ते फुकटात मागताहेत.

माझी भाची मेंदीच्या ऑर्डरी घेते, तिचाच नियम तुला सांगते. घरगुती कार्यक्रमाला तासावर दर, किमान दोन तास, निम्मे पैसे तारीख धरताना. न बिचकता माग. तारीख अडवायची म्हणजे तू दुसरं काम सोडतेस. मुलं किती आहेत ते आधी विचार आणि तेवढ्यात बसणारी चित्रं ठरव. वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी रांगेतल्या शेवटच्या मुलाच्या हातावर ठिपका काढायचा आणि आयोजकांना सांगायचं, याच्यानंतर कोणी नाही. नाहीतर रडणारं एक मूल आणि भांडणारी एक आजी तुझ्या वाट्याला येतेच.

छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, करून टाक. सेवेला जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, त्याची काळजी आत्ता नको. मुलांचे फोटो जाहिरातीत टाकायचे तर आई-बापांना विचारून.

शिकण्याचं म्हणशील तर सूरसागरजवळ युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत नाट्यविभाग आहे. तिथली मुलं आपल्या नाटकांचा मेकअप करतात, त्यांच्याशी बोल. फाइन आर्ट्सच्या मुलांनाही विचार. गरब्याच्या दिवसांत पाठी रंगवायला त्यांच्यातलं कोणी ना कोणी बसतंच, आणि हाताखाली मदतनीस त्यांनाही हवा असतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंचलाताई, काल रात्री लेकाच्या दंडावर पट्टे ओढून पाहिले. ब्रश पोटापर्यंत भरल्यावर रेघ न तुटता कानापासून नाकापर्यंत जाईल एवढी लांब आली. करंगळी टेकवायची युक्तीही जमतेय.

मांजलपूरच्या ताई, वाचून वाईट वाटलं. स्पंजचं मी असं ठरवलंय: मोठे स्पंज कापून तुकडे करायचे, प्रत्येक मुलाला नवा, वापरलेला वेगळ्या जाळीच्या पिशवीत. घरी साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय परत पेटीत नाही. पेटी उघडी ठेवणार, लेबलं पालकांकडे तोंड करून.

काकू, आयोजकांना फोन केला. रंग माझे, दर तासावर, आणि तीन तासांत होतील तेवढीच मुलं, असं स्पष्ट सांगितलं. ते कळवतो म्हणालेत. नाही कळवलं तर तो दिवस आमच्याच सोसायटीत करीन, चेअरमनबेन जागा द्यायला तयार आहेत.

गरब्याचं मात्र कोणीच लिहिलं नाही. पाण्याने भिजवायचे रंग घामात टिकणार नाहीत, हे मला घरी करून पाहिल्यावर कळलंच. अल्कोहोलने विरघळवायचे रंग मिळतात, ते घामाला दाद देत नाहीत आणि डोळ्यांपासून लांब वापरायचे असतात, एवढं वाचलंय. पाठीवर चोळीच्या दोऱ्या सतत घासतात, तिथे ते टिकतात का? आणि काढायला खोबरेल पुरतं की स्पिरिटच लागतं? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलेत त्यांनी कृपया सांगा.