मदत हवी आहे: साइट पहिल्या पानावर दिसतेय पण क्लिकच येत नाहीत

नमस्कार मंडळी, डोकं पार भंजाळलंय म्हणून लिहितेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सायकल दुरुस्तीवर माझी साइट आहे, आठ-नऊ वर्षं झाली. चेन, ब्रेक, गिअर, पंक्चर, सगळं नोकरी सांभाळून लिहिलेलं. जाहिरातींतून होस्टिंगचा खर्च निघून वर थोडंफार सुटायचं. प्रमोशन वगैरे कधी केलंच नाही, सगळी भिस्त सर्चवर. आता वर्षभरात क्लिक निम्म्याच्याही खाली आलेत. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली डोंबलाची) सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साइटमालकांसाठीचं आकडेवारीचं टूल) इंप्रेशन, म्हणजे सर्चमध्ये साइट किती वेळा दिसली ते, होते तेवढेच आहेत, अ‍ॅव्हरेज पोझिशनपण दोन-तीनच्या आसपास, उलट थोडी सुधारलीच आहे.

काल शेवटी स्वतःच फोनवर 'सायकलची चेन कधी बदलायची' टाकून बघितलं. सगळ्यात वर एआयचं उत्तर: चेन ०.७५ टक्के ताणली की बदला, ११-१२ स्पीडची असेल तर ०.५ लाच. बाजूला बारीकशा लिंका, त्यात एक माझी. उत्तर अगदी बरोबर आहे हो! माझ्या लेखाची पहिली ओळ जवळपास तीच आहे. मग आत कोण कशाला येईल, मी तरी गेले असते का?

ती ओळ तशी लिहिली कारण तेव्हा जो तो सांगायचा की उत्तर आधी द्या म्हणजे फीचर्ड स्निपेटमध्ये (रिझल्टच्या वर दिसणारा उत्तराचा चौकोन) उचललं जातं. दिलं. मग म्हणाले एफएक्यू स्कीमा (पानावरचे प्रश्नोत्तर गूगलला ओळखू येतील असा कोड) लावा, तो एकेका पानाला हाताने लावत बसले, काही महिने रिझल्टखाली प्रश्न दिसले आणि मग गायब. एका एजन्सीला विचारलं तर म्हणे आता 'व्हॉल्यूम' लागतो, एआयकडून लिहून घेऊन महिन्याला साठ लेख टाकू. नमुन्याच्या लेखात डिस्क ब्रेकच्या डिस्कला तेल लावा असं लिहिलेलं!! (कृपया कुणी लावू नका, ब्रेक लागणारच नाही.)

तर जाणकारांनी सांगा, एआयचे बॉट (साइट आपोआप वाचून नेणारे प्रोग्राम) ब्लॉक करून काही होतं का? ती एका ओळीच्या उत्तरांची पानं उडवू का? की लिखाण सोडून व्हिडिओच करत बसू, जे मला अजिबात जमत नाही?

प्रतिसाद

आधी त्या एजन्सीला नारळ द्या. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या धोरणात 'स्केल्ड कंटेंट अब्यूज' घातलंय, म्हणजे नुसतं रँकिंगसाठी ढिगाने पानं ओतणं, मग ती एआयने लिहिलेली असोत नाहीतर माणसाने. साठच्या नादात जी चालतायत तीही बसतील. आणि एफएक्यूचं म्हणाल तर त्यात तुमचं काही चुकलं नाही, ऑगस्ट २०२३ पासून ते प्रश्न फक्त नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साइटना दाखवायचं ठरलं.

प्रतिसाद

ताई, बॉटचं जरा नीट बघा, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. गूगल-एक्स्टेंडेड (गूगलच्या एआय ट्रेनिंगला नकार द्यायची सोय) ब्लॉक केलंत तरी एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे ते वरचं एआयचं उत्तर, थांबत नाही कारण ते सर्चचाच भाग आहे, नेहमीच्या गूगलबॉटवर चालतं. नोस्निपेट (पानातला मजकूर रिझल्टमध्ये दाखवू नका सांगणारा टॅग) लावलं तर थांबेल पण मग साध्या रिझल्टखालचं वर्णनही जाईल, नाक कापून अपशकुन. ओपनएआयचे पण दोन वेगळे आहेत, जीपीटीबॉट ट्रेनिंगसाठी आणि ओएआय-सर्चबॉट सर्चसाठी. पहिला खुशाल अडवा, दुसरा अडवलात तर चॅटजीपीटीच्या सर्चच्या उत्तरांत तुमची साइट येणार नाही.

आणि पोझिशन सुधारली म्हणून खूश होऊ नका. ओव्हरव्ह्यूचा पूर्ण डबा एकच पोझिशन धरतात आणि आतल्या सगळ्या लिंकांना तीच मिळते. डबा सगळ्यात वर, म्हणून तुम्हीही कागदावर वर.

एक करा, सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचाच डेटा राहतो तो आजच उतरवून घ्या, मग 'किती, कधी, कोणती' वाल्या क्वेरी (लोकांनी सर्चमध्ये टाकलेले शब्द) एकीकडे आणि 'तरीही, का होतंय' वाल्या दुसरीकडे काढून बघा.

धागाकर्ती

बघितलं! 'किती-कधी' वाली पानं झोपलीत. पण 'नवीन चेन टाकली तरी जोर लावला की सटकते' हा लेख जसाच्या तसा आहे, उलट थोडा चढलाय. त्यात मी झिजलेल्या कॅसेटचा (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि नव्या कॅसेटचा फोटो शेजारी शेजारी लावलाय, झिजलेले दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला कललेले दिसतात. तो लेख मी एसइओचा (सर्चमध्ये वर येण्याच्या खटाटोपाचा) विचार न करता रागाने लिहिला होता, दोन चेन फुकट घालवल्यावर.

प्रतिसाद

मग झालं की, अजून काय पाहिजे. 'कधी बदलायची' ला एक आकडा पुरतो, 'बदलली तरी सटकते' ला तुमचा फोटो बघावाच लागतो. व्हिडिओच्या फंदात पडू नका जमत नसेल तर. छोटी पानं सरसकट उडवू नका, एकाच विषयाची तीन-चार असतील ती एकात घाला आणि जुन्यांवर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्या पानावर पाठवणं) लावा. आणि ईमेलची यादी सुरू करा बुवा, मी फार उशिरा केली. सर्चवाला वाचक तुमचा नसतो, उधारीवर आलेला असतो.

प्रतिसाद

मला नाही पटत एवढं सोपं. आज फोटोवाला लेख वाचला, उद्या लोक सरळ आपल्या कॅसेटचा फोटो काढून चॅटबॉटलाच विचारतील, आत्ताच विचारतायत. बाकी ईमेलला +१.

धागाकर्ती

हो, ती भीती आहेच, पण आज हातात एवढंच आहे. कॅसेटच्या लेखाखाली ईमेलचा डबा टाकलाय. चेनवर पाच लेख निघाले, एकाच लेखात कोंबतेय. एक शंका, ३०१ लावलं की जुन्या पानाखालच्या कमेंट जातात का? चेन तुटल्यावर रस्त्यात काय केलं ते वाचकांनी लिहिलंय तिथे, माझ्या लेखापेक्षा तेच जास्त कामाचं आहे.

प्रतिसाद

दिसणार नाहीत. आधी नव्या पानात हलवा, रीडायरेक्ट त्यानंतर.