जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकून बघायचंय, विंडोज न उडवता

खटपट्या:
लॅपटॉप जुना आहे, सातव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ टाकायला गेलो तर प्रोसेसर चालणार नाही म्हणतंय, आता धडधाकट मशीन भंगारात टाकू का? लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकावं म्हणतोय पण कामाच्या फायली यातच आहेत, विंडोज लगेच सोडायचं धाडस नाही. दोन्ही एकत्र नांदतील का? आणि मराठी टायपिंगचं काय? कमांड कधी मारलेल्या नाहीत, सांभाळून घ्या.

रात्रपाळी:
नांदतात की. पण आधी इन्स्टॉल करूच नकोस, नुसतं पेनड्राइव्हवरून चालव. ८ जीबीचा पुरतो, रूफस नावाच्या प्रोग्रामने मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) त्यावर चढवायची (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं हां) आणि चालू करताना एफ१२ किंवा तुझ्या मशीनला जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्हवरून बूट करायचं, म्हणजे मशीन सुरू करायचं, आतल्या डिस्कला तू स्वतः काही केलं नाहीस तर धक्का लागत नाही. मग वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं बघ आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून परत उघड. माझा आधीचा लॅपटॉप बाकी सगळ्यात पास, पण एकदा झोपला की उठायचाच नाही, पॉवर बटण दाबून धरावं लागायचं. पेनड्राइव्हवर जरा रेंगाळतं, त्यावरून वेग ठरवू नकोस.

हातपोळलेला:
बॅकअप घे. वेगळ्या डिस्कवर. मी मिंट टाकताना नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो आणि 'इरेझ डिस्क' (सगळी डिस्क पुसा) वर टिक होती ती बघितलीच नाही, दोन वर्षांचे फोटो गेले, चूक शंभर टक्के माझी.
बाकी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी कर, मिंटसाठी ६० जीबी सोड. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कर, नाहीतर शटडाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरव. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नकोस, हसू नका, करतात लोक.

शिफ्टजे:
मराठीचं टेन्शन नको. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला की झालं, 'दऱ्या' मधला ऱ्या सुद्धा नीट येतो, शिफ्ट-जे, डी, मग य आणि काना. फोनेटिकची, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं टाक. वर्डच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात पण टेबलं कधीकधी सरकतात, बाहेर पाठवायची फाइल असेल तर पीडीएफ कर. आणि विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ चुकीचं दिसलं तर घाबरू नकोस, मिंट मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, एका कमांडचं काम आहे, तेव्हा विचार.

खटपट्या:
तीन दिवस पेनड्राइव्हवरूनच चालवतोय. झाकण मिटलं तरी उठतो! वायफाय मात्र दिसेना, मग फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं (फोनचं नेट लॅपटॉपला दिलं), ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर शोधून दिला, वायफाय आलं आणि मी खुशीत रीस्टार्ट केलं तर पुन्हा पाढे पंचावन्न.

रात्रपाळी:
लाइव्हमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालवताना, काही साठत नाही रे, इन्स्टॉल केल्यावर टिकेल. टाकून मोकळा हो.

खटपट्या:
बॅकअप झाला की टाकतो. कालपासून चालूच आहे, म्हणजे कॉपी कधीच झाली असती, मी जुने फोटो उघडत बसलोय.