व्हाइटहॉलचे दोन खेळ: मास्क संपला, फार्स का टिकला?

तिसरी घंटा (धागाकर्ती)

लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर दोन वास्तू आहेत, एकीकडून दुसरीकडे सहज चालत जाता येतं. बँक्वेटिंग हाउसमध्ये सतराव्या शतकात स्ट्युअर्ट राजांसमोर मास्क व्हायचे, म्हणजे गाणी, नाच आणि पालटत्या देखाव्यांचा दरबारी खेळ. ट्रफाल्गर चौकाकडच्या टोकाला पूर्वीचं व्हाइटहॉल थिएटर, आताचं ट्रफाल्गर थिएटर. तिथे ब्रायन रिक्सच्या मंडळींनी १९५० ते १९६६ या काळात फार्स गाजवले. अभ्यासाच्या पुस्तकांत मास्कला प्रकरण मिळतं, फार्सला परिच्छेद. हे साफ चूक आहे. मास्क हे नाटकच नव्हे, आणि फार्स हा नाटकाचा सर्वांत काटेकोर प्रकार आहे.

मास्कची बांधणी बघा. आधी अँटिमास्क: चेटकिणी, सॅटर (अर्धे माणूस, अर्धे बोकड), विद्रूप सोंगं. ही कामं पगारी नटांची. मग देखावा पालटतो आणि सरदार, राण्या अवतरून नाचतात. बोलत नाहीत, कारण संवाद म्हणणं म्हणजे नटाच्या पायरीला उतरणं. शेवटी हेच नर्तक प्रेक्षकांतून जोडीदार उठवतात आणि रात्रभर नाच चालतो. यात संघर्ष कुठे आहे? १६०९च्या 'मास्क ऑफ क्वीन्स'मध्ये बारा चेटकिणी उभ्या असतात, वाद्यांचा एकच मोठा गजर होतो आणि त्या नरकासकट नाहीशा होतात. त्यांच्याशी कुणी लढत नाही.

६ जानेवारी १६०५च्या 'मास्क ऑफ ब्लॅकनेस'मध्ये राणी ॲन आणि अकरा जणींनी चेहरा आणि कोपरापर्यंत हात काळे रंगवले. गोष्टीत त्या इंग्लंडच्या प्रकाशात गोऱ्या होणार होत्या. रंग प्रयोगात धुता येणारा नव्हता, म्हणून गोरं होणं पुढे ढकललं गेलं, ते थेट १६०८च्या 'मास्क ऑफ ब्यूटी'पर्यंत! ज्या घटनेवर गोष्ट उभी आहे ती रंगमंचावर घडतच नाही.

याउलट नाटककार पिनेरोचा फार्स 'द मॅजिस्ट्रेट' (१८८५). दुसरं लग्न करताना ॲगथा वयातली पाच वर्षं लपवते. त्यामुळे १९ वर्षांचा मुलगा १४चा ठरतो. चौदाचा समजला जाणारा हा पोरगा पत्ते खेळतो, पोर्ट पितो आणि सावत्र बापाला, जो स्वतः मॅजिस्ट्रेट आहे, रात्री हॉटेलात घेऊन जातो. तिथे धाड पडते. बाप निसटतो, ॲगथा पकडली जाते आणि सकाळी तो न ओळखता स्वतःच्याच बायकोला सात दिवसांची कैद ठोठावतो. एका खोट्यातून सगळं निघतं, बाहेरून काहीही आणावं लागत नाही.

चित्रचौकट

पूर्ण असहमत. तुम्ही मास्ककडे फक्त संहिता म्हणून बघताय. मास्कच्या संहिता लिहिणारा कवी बेन जॉन्सन, त्याचीही हीच तक्रार होती आणि १६३१मध्ये देखावे उभारणाऱ्या इनिगो जोन्सशी त्याचं बिनसलं ते यावरूनच. मास्कचा आशय देखाव्यातून पोचतो.

जोन्सनं काय केलं ते सांगतो. सुरुवातीला फिरतं यंत्र: एका बाजूला खडक, वळवला की दुसऱ्या बाजूला नर्तक बसलेलं मंदिर. पण एका यंत्राला बाजू दोनच. मग त्यानं सरकते पडदे आणले. वर-खाली खाचा, त्यांत रंगवलेल्या चौकटींच्या जोड्या. मधून फाकवल्या की मागचं दृश्य उघडं. जितक्या खाचा तितकी दृश्यं. दोन्ही बाजूंना कडेच्या चौकटी मागे मागे अरुंद होत जातात, त्यामुळे दृश्य खोलवर गेल्यासारखं भासतं. पुढे चित्राच्या चौकटीसारखी कमान, वर ढगांची यंत्रं. इंग्रजी रंगभूमीला हे सगळं मास्कनं दिलं. १६५६मध्ये नाटककार डेव्हनंटनं 'द सीज ऑफ ऱ्होड्स' केलं तेव्हा देखावे जोन्सचाच शिष्य जॉन वेब याचे होते. पुढची दोनशे वर्षं इंग्लंडची व्यावसायिक नाटकघरं याच खाचांवर चालली. तुमचा फार्ससुद्धा त्याच कमानीत उभा आहे.

रंगपीठ

कमानीपुरतं मान्य. पण फार्सला लागतं दार, आणि ते जोन्सकडे नाही. खाचांच्या रंगमंचावर नट दोन चौकटींच्या फटीतून येतो. तिथे काही आपटता येत नाही, कुलूप लावता येत नाही. रेस्टोरेशनच्या, म्हणजे १६६०मध्ये राजेशाही परतल्यानंतरच्या, नाटकघरांत कमानीच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूला, खरी लाकडी दारं होती. फार्सची धावपळ त्या दारांवर वाढली आणि एकोणिसाव्या शतकात तीन भिंतींचा बंद सेट आल्यावर पक्की झाली.

दाराचं काम तपशिलात सांगायला हवं, कारण हौशी प्रयोग इथेच पडतात.

दाराची चौकट कापडी फ्लॅटला, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीला, ठोकायची नाही. तिला स्वतंत्र ब्रेस (तिरका टेकू) लावून जमिनीला बांधायची, पायाशी वजन टाकायचं. नाहीतर दार आपटलं की भिंत लाटेसारखी हलते आणि प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो. दार शक्यतो सेटच्या बाहेरच्या अंगाला उघडावं, बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला. म्हणजे येणारा नट फळीआड न जाता लगेच दिसतो. कडी जोरात आपटल्यावरही धरणारी हवी. दार परत किलकिलं झालं आणि आतला 'लपलेला' माणूस दिसला तर पुढची दहा मिनिटं फुकट. सेटमागची वाट मोकळी, मंद उजेडाची, तिच्यावर एकही वायर नको.

मग वेळ. डावीकडे एक नट बाहेर पडतो, उजवीकडून दुसरा येतो. दुसऱ्याचा हात मुठीवर आधीच हवा आणि त्यानं पहिल्या कडीच्या आवाजावर निघायचं, संवादावर नाही. हशा मध्ये आला की संवाद लांबतो, कडी लांबत नाही. हशा शिगेला पोचून उतरू लागला की पुढचं वाक्य. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर वेग मेला, आणि आधी बोललात तर पुढच्या गोंधळाला लागणारी माहिती हशात बुडते. मायकेल फ्रेनच्या 'नॉइजेस ऑफ' या फार्सचा (१९८२) दुसरा अंक सेटच्या मागून दिसतो आणि जवळजवळ मुका आहे. तो बसवताना तालमीच्या पहिल्या दिवसापासून खरी दारं आणि खऱ्या सार्डिन माशांच्या बश्या नसतील तर तो अंक हातात घेऊच नये.

गवळण

दोघंही एक मास्क विसरताय. ३ फेब्रुवारी १६३४, जेम्स शर्लीचा 'ट्रायम्फ ऑफ पीस'. वकिलांच्या चार संस्थांनी मिळून केला, खर्च २१,००० पौंडांच्या वर. होबर्नपासून व्हाइटहॉलपर्यंत मशालींची मिरवणूक निघाली, ती रस्त्यावरच्या लोकांनीही पाहिली. त्यातल्या एका अँटिमास्कमध्ये विचित्र शोधांचे मक्ते मागणारे लोक नाचवलेत. राजाच्या मक्ते वाटण्यावर ती सरळ टीका होती, तीही राजासमोर.

आणि शेवटाकडे काय होतं? देवता अवतरून झाल्यात, सगळं गंभीर चाललंय आणि यंत्रात काहीतरी मोडल्यासारखा आवाज होतो. सुतार, रंगारी, शिंपी, शिंप्याची बायको, पिसं लावणाऱ्याची बायको असे सगळे पहारा ढकलून आत घुसतात. आम्ही हे बनवलंय, आम्हालाही बघायचंय! मग सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात येतं, तेव्हा हाही अँटिमास्कच वाटावा म्हणून ते नाचतात आणि निघून जातात. हा शुद्ध फार्स आहे, मास्कच्या पोटातला.

तिसरी घंटा

गवळण, हा प्रसंग मलाही फार आवडतो. पण तो एका नाचात संपतो आणि त्याचा पुढे कशावरही परिणाम होत नाही. 'मॅजिस्ट्रेट'मधलं खोटं मात्र शेवटपर्यंत सगळ्यांच्या मानगुटीवर असतं.

चित्रचौकट, तुमचा तो खोलवर गेल्याचा भास बरोबर दिसतो एकाच जागेवरून, राजाच्या खुर्चीतून. बाकीचे दृश्य कमी आणि राजाला दृश्य पाहताना जास्त बघायचे. १६१८मध्ये पहिला जेम्स कंटाळून 'नाचत का नाहीत?' म्हणून ओरडला, तेव्हा त्याचा लाडका सरदार बकिंगहॅमनं उड्या मारून त्याला खूश केलं. खुर्ची गेली की खेळ गेला. १६४०च्या 'साल्मासिडा स्पोलिया'नंतर स्ट्युअर्ट दरबारात तसा मास्क झाला नाही. फार्सचं यंत्र प्रेक्षकाला काय माहीत आहे यावर चालतं, म्हणून तो कुठेही नेता येतो. ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आंट'चे (१८९२) लंडनमध्ये सलग १,४६६ प्रयोग झाले आणि अत्र्यांनी त्याची 'मोरूची मावशी' केली, तेव्हा ती अस्सल मराठी झाली.

चित्रचौकट

मग 'कोमस' या मास्कचं काय कराल? लेखक कवी मिल्टन, २९ सप्टेंबर १६३४, लडलोचा किल्ला. समोर राजा नाही. मुख्य भूमिकांत अर्ल ऑफ ब्रिजवॉटरची मुलं, ॲलिस १५ वर्षांची, भाऊ ११ आणि ९ वर्षांचे. आणि तिघं भरपूर बोलतात. ॲलिसची लेडी मंतरलेल्या खुर्चीत खिळलेली असताना कोमस या जादूगाराशी वाद घालते आणि प्याला नाकारते. भाऊ तलवारी उपसून येतात पण जादूची कांडी हिसकावायचं विसरतात. कोमस कांडीसकट पळतो, बहीण तशीच अडकलेली. म्हणून नदीदेवता सॅब्रिनाला बोलवावं लागतं. चुकीतून पुढचा प्रसंग, जे तुम्ही फार्सकडे मागताय तेच.

रंगपीठ

यावर उत्तर द्यायला जड जातंय. एवढंच म्हणेन, कांडीची चूक लागू पडायची तर ती आधी प्रेक्षकांना कळली पाहिजे. संहितेत तशी सोय आहे: मदतनीस आत्मा भावांना आधीच बजावतो, प्याला फोडा, कांडी धरा. बसवताना ते वाक्य कापू नका. छापील संहिता हजार ओळींच्या वर असल्यानं दिग्दर्शक नेमकं तेच कापतात.