अनुभव धागा: दहावीत तुमच्याशी कुणी बसून बोललं होतं का?

काल पोटमाळा आवरताना धाकट्या भावाचा कल चाचणीचा (मुलाची आवड कुठल्या क्षेत्रात ते बघणारी चाचणी) अहवाल सापडला. २०१६, बोर्डाच्या चाचणीचं पहिलंच वर्ष. सगळ्यात वर 'ललित कला'. बाबांनी कागद घडी करून ठेवला आणि त्याला सायन्सला घातलं. त्याच्या फिजिक्सच्या वहीत मागून पानंच्या पानं एसटी स्टँडची चित्रं होती. बारावीत गेला दोन विषयांत. बाबांना दोष देववत नाही, तो कागद उलगडून सांगणारं त्यांनाही कुणी भेटलं नाही. तुमचं लिहा ना.

रानजाई: अगं, किती वाईट वाटलं वाचून. आता काय करतो तो?

घाटमाथा: मला 'गणवेशधारी सेवा' आलं होतं. आजी म्हणाली, बँडवाल्यांचाही गणवेश असतो हो! 😄 आता अग्निशमन दलात आहे. नाइट आहे, उद्या लिहितो.

खडूफळा: मी गणिताची बाई, समुपदेशनही माझ्याकडेच, वेगळं माणूस नाही. एक मुलगी तीन आठवडे मधल्या सुट्टीत यायची आणि खुर्चीचं फाटकं रेक्झीन उचकटत बसायची. मी वह्या तपासत राहिले, काही विचारलं नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "बाई, घरी जायला नको वाटतं." त्या दिवशी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. तास बुडाला तर बुडाला.

रानजाई: बाई, तुम्हाला नमस्कार 🙏

चिंचबोर: आमच्याकडे उलट. समुपदेशनाच्या खोलीत मी विश्वासाने सांगितलेलं संध्याकाळपर्यंत स्टाफरूमभर. त्यानंतर त्या खोलीची पायरी चढले नाही, आजही कुणाला पटकन मनातलं सांगता येत नाही. मुलांनो, १४४१६ टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही.

कोरडवाहू: बाबांनी मला पुण्याला ज्ञान प्रबोधिनी संस्थेत अभिक्षमता चाचणीला (कशात गती आहे ते बघतात) नेलं होतं. पहाटेची एसटी चुकली, स्वारगेटला उतरून उपाशीच पळालो. पण नंतर तिथल्या ताईंनी बाबांना बाजूला बसवून तासभर समजावलं. निकालापेक्षा तो तास कामी आला, शेतकी डिप्लोमाला हसत पाठवलं मला.

खडूफळा: हेच! आईबापांना बसवल्याशिवाय काही उपयोग नाही.

पोटमाळा (धागाकर्ती): @रानजाई मोबाइलच्या दुकानात आहे. अहवालाचा फोटो पाठवलाय त्याला.

सांजवात: @कोरडवाहू लेकीला न्यायचंय, स्वारगेटहून लांब आहे का?

कोरडवाहू: सदाशिव पेठेत, रिक्षा करा. आधी फोन करून वेळ घ्या. आणि पोटभर खाऊ घालून न्या तिला, चाचणी लांबलचक असते.