दिव्यांग अनुदानाला 50 हजारांची उत्पन्न मर्यादा: पटतं का?

वाकडीवाट: संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये 1,500 चं 2,500 केलं, चांगलं झालं, पण मिळतं कुणाला ते बघा. 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट पाहिजे आणि अख्ख्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत. घरातलं एक माणूस 300 रुपये रोजाने कामाला गेलं तर 167 दिवसांत मर्यादा पार! लाडक्या बहिणीला अडीच लाख चालतात आणि पाय नसलेल्याला 50 हजार, हा कुठला हिशोब?

हिशोबी_माणूस: लाडक्या बहिणीचं उदाहरण देऊच नका, आधी वाटले मग छाननी, त्यात सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या. मर्यादा वाढवली की अर्ज वाढणार आणि ज्याला खरंच कुणी नाही त्याचाच हप्ता लटकणार.

वाकडीवाट: मग छाननी करा ना, नको कोण म्हणतंय. आत्ता काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, ज्याची वट आहे त्याचा 45 हजारांचा दाखला निघतो आणि जो खरं 60 हजार सांगतो तो बाद.

सांगलीकर: उत्पन्नाचं राहू द्या, टक्क्यांचं बोला. आमच्या गल्लीतल्या वेल्डरचा एक डोळा गेला, दुसरा धड आहे म्हणून 30 टक्के. नियमच तसाय. वेल्डिंग सुटलं, आता तो गॅरेजात पाने पुसत बसतो. 30 वाल्याला अनुदान शून्य.

हिशोबी_माणूस: वाईट वाटतं पण रेघ कुठंतरी मारावीच लागते, 30 केली तर 28 वाला येईल. आणि 40 तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे, राज्य काय करणार?

एक_वाचक: असं कसं? केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन 80 टक्के आणि दारिद्र्यरेषा मागते, तिथे राज्याने 40 धरलेच की. स्वतःच्या पैशातून 30 वाल्याला दिलं तर कायदा आडवा येत नाही, इच्छा पाहिजे. @सांगलीकर, त्याला आणखी काही त्रास असेल तर तोही सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे मांडा. डोळ्याचे 30 आणि कानाचे 20 अशी सरळ बेरीज धरत नाहीत, सूत्राने 43 च्या आसपास येतात, पण 40 पार होतात ना.

सांगलीकर: कान तिखट आहेत हो त्याचे, तीच तर पंचाईत.