मदत हवी आहे : पोट्ट्यांना हाताने प्रयोग करू देणारा विद्यापीठातला विभाग कोणता?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास मुलांना नागपूर किंवा अमरावतीच्या विद्यापीठात न्यायचं आहे. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र माहीत आहे, पण मला हाताने करायचं काम हवं.

आमच्या पोट्ट्यांनी वावरातल्या पंपाची जळालेली मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे उघडलेली पाहिली आहे, तांब्याच्या तारेचे वेढे ते ओळखतात. परवा वर्गात ॲल्युमिनियमच्या नळीतून जोरदार चुंबक सोडला. तो सावकाश का उतरतो यावर तासभर वाद झाला! नळीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच चुंबकाला अडवतो, हे नुसतं सांगून पटत नाही. स्वतः तार गुंडाळून, मीटर लावून काटा हलताना बघायला हवा.

अशी सोय कोणता विभाग करतो? पत्र कुलसचिवांना द्यायचं की विभागप्रमुखांना? एसटीने त्याच दिवशी परतावं लागेल, मुलींचे पालक मुक्कामाला तयार नाहीत. नाहीतर अभियांत्रिकीचे विद्यार्थीच गावात येतील का? त्यांच्या जेवणाची, राहण्याची व्यवस्था गाव आनंदाने करेल. कोणी मुलं नेली असतील तर कृपया सविस्तर लिहा.